शून्य नंबरचा मालक

लिनक्सच्या सर्व्हरवर ज्यांचं पोट चालतं, त्यांनी दिवसातून निदान दहा वेळा तरी 'सुडो' टाईप केलेलं असतं. (उच्चारावरून दोन पंथ आहेत. मूळ अर्थ 'सुपरयूजर डू', म्हणून कर्मठ लोक 'सूडू' म्हणतात. आपल्याकडे बहुतेक जण 'सुडो'च म्हणतात. मराठी माणसाला त्यात 'सूड' ऐकू येतो, त्याला इलाज नाही. :-) मी सुडोवाला.)

पासवर्ड टाकला की दार उघडतं, चुकला की उघडत नाही. आपल्या डोक्यातलं सुडोचं चित्र एवढंच असतं. गेल्या काही शनिवार-रविवारी या आणि याच्यासारख्या प्रोग्रॅम्सचा इतिहास चाळत बसलो होतो. ही दारं आजवर कधीकधी आणि कशी उघडी सापडली, हे बघायचं होतं. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. गाजलेल्या प्रकरणांमध्ये पासवर्ड कुणी फोडलाच नव्हता. तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता, किंवा विचारून झाल्यावर पुढचा हिशेब चुकला होता. आणि त्या हिशेबात कुठे ना कुठे एक शून्य बसलेलं होतं.

आजचा लेख त्या शून्याबद्दल.

सुरुवात युनिक्सपासून करावी लागेल. युनिक्समध्ये प्रत्येक यूजरला एक नंबर असतो. नाव आपल्यासाठी, कर्नलला नंबरच कळतो. आणि ज्याला कुठलाच नियम लागू नाही, जो कुणाचीही फाईल वाचू शकतो, पुसू शकतो, त्या 'रूट'चा नंबर आहे ०. सगळ्या मशीनचा मालक शून्य नंबरचा.

आता अडचण बघा. साध्या यूजरला स्वतःचा पासवर्ड बदलायचा आहे. पासवर्ड ज्या फाईलमध्ये असतात ती फाईल रूटची. मग तो बदलणार कसा? यावर डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये एक युक्ती काढली, ती म्हणजे 'सेटयूआयडी'. प्रोग्रॅमच्या फाईलवर एक खास खूण करायची. ती असेल तर तो प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाईलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. मालक रूट असेल तर चालवणारा कुणीही असो, प्रोग्रॅम रूट म्हणून धावतो. या कल्पनेच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला आणि १९७९ मध्ये ते मिळालं. पुढे ते सगळ्यांसाठी खुलं करण्यात आलं. आज तुमच्या फोनपासून क्लाउडपर्यंत युनिक्सचं जे जे खानदान पसरलंय, त्यात या एका बिटाचा वाटा मोठा आहे.

रूट व्हायचं तर 'एसयू' ही कमांड १९७१ पासूनच होती. पण तिला रूटचाच पासवर्ड लागायचा. म्हणजे दुकानात पाच जणांना कधीमधी तिजोरी उघडावी लागते, तर पाचही जणांना किल्लीची एकेक नकल देऊन टाकायची. कोणी कधी काय काढलं, कुणालाच पत्ता नाही. एक जण नोकरी सोडून गेला की कुलूप बदला.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या बफेलो इथल्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी यावर तोडगा लिहिला. व्हॅक्स-११/७५० मशीन, त्यावर ४.१ बीएसडी. किल्ली वाटण्यापेक्षा एक मुनीम बसवायचा. किल्ली त्याच्याकडे. कुणाला काय करायची परवानगी आहे याची यादीही त्याच्याकडे. तुम्ही स्वतःचा पासवर्ड सांगायचा, काम सांगायचं. मुनीम यादी बघणार, वहीत नोंद करणार आणि मग तेवढंच काम करून देणार. हे सुडो.

१९८५ च्या डिसेंबरमध्ये त्याची सुधारलेली प्रत यूजनेटवर आली, पुढच्या वर्षी ते कोलोराडो विद्यापीठात पोचलं, तिथे वाढलं. १९९४ मध्ये टॉड मिलर यांनी त्याची आवृत्ती जाहीरपणे प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून तीस वर्षांहून जास्त काळ सुडो म्हणजे मुख्यतः हा एक माणूस, असंच समीकरण राहिलं. जगभरच्या सर्व्हरची तिजोरी सांभाळणारा मुनीम, आणि त्या मुनिमाला सांभाळणारा एकच माणूस. यावर वेगळा लेख होईल. असो.

मुनिमाची गोष्ट सांगताना एक बारीक मुद्दा निसटतो, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आपल्याला वाटतं की सुडो आपल्याला अधिकार 'देतं'. प्रत्यक्षात उलटं आहे. सुडो सेटयूआयडी आहे. म्हणजे तुम्ही एंटर दाबता त्या क्षणापासूनच ते रूट असतं. पासवर्ड विचारायच्या आधी, यादी वाचायच्या आधीच तिजोरी उघडी असते. त्यानंतरचा सगळा कोड हा 'नाही' कधी म्हणायचं हे ठरवण्यासाठी आहे. 'हो' म्हणायला वेगळे कष्ट लागतच नाहीत. त्यामुळे हा कोड मधेच गोंधळला, तर तो गोंधळ तुमच्या बाजूने झुकतो.

आता एकेक किस्सा.

पहिला २०१३ चा. सुडोने दर वेळी पासवर्ड विचारला तर माणूस वैतागेल, म्हणून एकदा विचारला की मूळ सुडो पाच मिनिटं पुन्हा विचारत नाही (उबंटूवर पंधरा). त्यासाठी तेव्हा एका फाईलवर शेवटच्या वेळेचा शिक्का मारलेला असायचा. 'आता विसर, पुढच्या वेळी परत विचार' असं सांगायचं असेल तर 'सुडो -के' म्हणायचं. तेव्हा सुडो काय करायचं? शिक्का पुसायचं नाही, तर त्यावर शून्य वेळ टाकायचं. युनिक्सची शून्य वेळ म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र (आपल्याकडे पहाटेचे साडेपाच). इतकी जुनी वेळ, की पाच मिनिटांत बसणं शक्यच नाही. बरोबर ना?

बरोबर, पण मशीनचं घड्याळच १९७० मध्ये नेलं तर? मग सुडोच्या हिशेबाने तुम्ही आत्ता दोन मिनिटांपूर्वीच पासवर्ड दिलेला असतो. झालं! लिनक्सवर घड्याळ फिरवायला सहसा रूटच लागतो, त्यामुळे तिथे धोका कमी. पण तेव्हाच्या मॅकवर अ‍ॅडमिन खात्याला पासवर्ड न देता तारीख बदलता यायची. म्हणजे उघड्या सोडलेल्या मॅकसमोर कुणी बसला, किंवा तुमच्या नावाने एखादा वाईट प्रोग्रॅम चालला, आणि तुम्ही पूर्वी कधी एकदा जरी सुडो वापरलेलं असलं, तर पासवर्ड माहीत नसताना रूट. सीव्हीई-२०१३-१७७५. सुडोने फेब्रुवारीत दुरुस्ती दिली, ऑगस्टमध्ये हा हल्ला मेटास्प्लॉइट नावाच्या तयार हत्यारांच्या पेटीत आला, आणि अ‍ॅपलचा अपडेट आला सप्टेंबरमध्ये.

दुरुस्ती एका ओळीत सांगता येते: शिक्क्यावर शून्य वेळ असेल तर तो शिक्काच नाही असं समज. 'काहीच नाही' आणि '१९७० सालची पहाट' या दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या होत्या, त्या वेगळ्या केल्या.

दुसरा ऑक्टोबर २०१९ चा. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि हॉस्टेलवर दोन दिवस हाच विषय. सुडोच्या यादीत असा नियम लिहिता येतो, की हा यूजर अमुक कमांड कुणाच्याही नावाने चालवू शकतो, फक्त रूटच्या नावाने नाही. नावाऐवजी नंबर दिलेलाही चालतो. अ‍ॅपलच्या सुरक्षा विभागातल्या जो वेनिक्स यांनी बघितलं, की नंबर म्हणून -१ दिला तर काय होतं.

यादी म्हणते, -१ म्हणजे काही ० नव्हे, म्हणजे रूट नव्हे, जाऊ दे. मग सुडो कर्नलला सांगतं, माझा नंबर बदलून -१ कर. पण ज्या सिस्टिम कॉलने हे सांगायचं, त्याच्या नियमात -१ चा अर्थ आहे 'बदलू नकोस, आहे तो राहू दे'. आणि सुडोचा आहे तो नंबर कोणता? शून्य! रूट सोडून कुणीही व्हायची परवानगी असलेला माणूस नेमका रूट होऊन बसला. ४२९४९६७२९५ हा नंबर दिला तरी तेच, कारण बत्तीस बिटांत -१ तसाच दिसतो. वर मुनिमाच्या वहीत नोंदही रूटची नाही, ४२९४९६७२९५ नंबरच्या, अस्तित्वातच नसलेल्या कुणाची.

इथे पासवर्ड चुकवला जात नव्हता, स्वतःचा द्यावाच लागायचा. चुकवला जायचा तो नियम. 'असा नियम कोण लिहितं?' असं तेव्हा बरेच जण म्हणाले. नंतर नोकरीला लागल्यावर एका क्लायंटच्या सर्व्हरवर मी अगदी तशीच ओळ बघितली. सुडो नवं होतं म्हणून भोक बुजलेलं होतं, पण ओळ होती. लिहिणाऱ्याला दोष देवत नाही. 'सगळं, फक्त हे सोडून' असं बोलायला सोपं असतं. 'फक्त हे आणि हे' असं लिहायचं तर बसून विचार करावा लागतो.

तिसरा किस्सा सुडोचा नाही, त्याच्या चुलतभावाचा. लिनक्सच्या डेस्कटॉपवर वाय-फाय बदलताना किंवा यूजर वाढवताना पासवर्डची खिडकी उघडते, त्यामागे 'पोलकिट' नावाची सेवा असते. ती स्वतः काम करत नाही, फक्त 'याला करू द्यायचं का' याचं उत्तर देते. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम खात्यांच्या सेवेला म्हणतो, नवीन यूजर बनव. ती पोलकिटला विचारते, याला अधिकार आहे का. पोलकिट निरोप्याला (डी-बसला) विचारतं, हा मागणारा कोण, याचा नंबर काय.

गिटहबच्या सुरक्षा प्रयोगशाळेतल्या केव्हिन बॅकहाउस यांनी जून २०२१ मध्ये दाखवलं, की मागणी पाठवून काही मिलिसेकंदांत तुमचा प्रोग्रॅम मारून टाकला, तर निरोप्या पोलकिटला सांगतो, 'असा कुणी नाही'. आता पोलकिटच्या कोडमध्ये नंबर ठेवायचा रकाना आधीच शून्याने भरलेला. सी भाषेत ही चांगली सवय मानतात, रकान्यात कचरा राहू नये म्हणून. उत्तराऐवजी चूक आली, तर रकान्यात शून्य तसंच राहिलं. बहुतेक वाटांवर चूक आली का हे तपासलं जायचं. एका वाटेवर नाही. त्या वाटेवर पोलकिट वाचायचं: मागणाऱ्याचा नंबर ०. अरे, हे तर मालक! जाऊ द्या.

म्हणजे मेलेल्या माणसाला मालक समजून सह्या झाल्या. वेळ जुळेपर्यंत चार-पाच वेळा प्रयत्न करायचा की अ‍ॅडमिनचे अधिकार असलेलं नवं खातं तयार. ना पासवर्ड, ना खिडकी. ही फट २०१३ पासून कोडमध्ये होती.

सरकारी कचेरीतल्या फॉर्मचं उदाहरण घ्या. अर्जदाराच्या नावाचा रकाना रिकामा राहिला तर कारकून अर्ज परत करतो. इथे रिकाम्या रकान्याचा आणि साहेबाच्या सहीचा आकडा एकच होता.

चौथा लगेच पुढच्या जानेवारीतला, २०२२ चा. त्याच पोलकिटची 'पीकेएक्झेक' ही कमांड, जवळपास सुडोसारखी. प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना शब्दांची यादी मिळते, त्यात पहिला शब्द त्याचं स्वतःचं नाव असतो. म्हणजे यादीत किमान एक शब्द असणारच, असं सगळे गृहीत धरतात. पण शून्य शब्दांची यादी देऊन प्रोग्रॅम सुरू करायला लिनक्स तेव्हा मनाई करत नव्हतं. पीकेएक्झेक मोजणी एकपासून सुरू करायचं. यादी रिकामी, त्यामुळे ते यादी ओलांडून शेजारच्या जागेत वाचायचं आणि तिथे लिहायचंही. ती जागा हल्ला करणाऱ्याच्या ताब्यातली. परिणाम, कुठलाही साधा यूजर रूट. क्वालिस कंपनीने हे उघड केलं, नाव ठेवलं 'पूनकिट'. मे २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून हे असंच होतं.

गंमत म्हणजे (गंमत कसली!), २०१३ मध्येच एका प्रोग्रॅमरने आपल्या ब्लॉगवर रिकाम्या यादीची आणि पीकेएक्झेकची ही विचित्र वागणूक लिहून ठेवली होती. तिचा दुरुपयोग कसा करायचा हे त्याला सापडलं नाही, म्हणून गोष्ट तिथेच राहिली. आठ वर्षं. शेवटी कर्नलच्या ५.१८ आवृत्तीपासून रिकामी यादी आली तर कर्नल स्वतःच तिच्यात एक कोरा शब्द घालतो. शून्य येऊच द्यायचं नाही.

अशी उदाहरणं आणखीही आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये मॅकच्या हाय सिएरा आवृत्तीत यूजरच्या जागी 'रूट' लिहून पासवर्डचा रकाना कोरा सोडला, की पहिल्यांदा नकार यायचा आणि पुन्हा बटण दाबलं की प्रवेश मिळायचा. अ‍ॅपलने दुसऱ्याच दिवशी अपडेट काढला. २०२१ चं सुडोचं 'बॅरन सामेडिट' प्रकरण तर सगळ्यात गाजलेलं. जुलै २०११ मध्ये आत आलेली चूक जानेवारी २०२१ मध्ये सापडली. तिथेही मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट एका उलट्या तिरक्या रेघेमुळे ओलांडला जायचा. मात्र सगळंच शून्याच्या गळ्यात मारू नये. जून २०२५ मध्ये उघड झालेल्या 'क्रूट' पर्यायाच्या भगदाडाचा शून्याशी संबंध नाही. तिथे सुडो तुमच्याच फोल्डरमधली सेटिंग खरी मानून तिथला कोड रूट म्हणून चालवायचं. पण मूळ आजार तोच. निर्णय व्हायचाय आणि प्रोग्रॅम आधीपासूनच मालक आहे.

बरं, मग नवं काही लिहावं की. लिहिलंही. ओपनबीएसडीने २०१५ मध्ये सुडो काढून 'डूअ‍ॅज' नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला. कमी कोड, कमी कोपरे. सिस्टिमडीने २०२४ मध्ये 'रन०' आणलं (नावातही शून्य!). ते सेटयूआयडी नाही, आधी मालक होऊन मग विचार करत बसत नाही. परवानगी मात्र पोलकिटलाच विचारतं. आणि रस्ट भाषेत नव्याने लिहिलेलं 'सुडो-आरएस' ऑक्टोबर २०२५ मध्ये उबंटूच्या २५.१० आवृत्तीत मूळ सुडोच्या जागी बसलं. रस्टमुळे बॅरन सामेडिट किंवा पूनकिटसारखं यादीबाहेर वाचणं-लिहिणं बहुतांशी बंद होतं, हे खरंच मोठं काम आहे.

पण पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, सुडो-आरएसची दोन दुखणी जाहीर झाली. त्यातलं एक वाचून मी खुर्चीतच नीट बसलो. सुडोमध्ये अशी एक सेटिंग असते, की तुमचा नव्हे तर ज्याच्या नावाने काम करायचं त्याचा पासवर्ड विचार. ती चालू असेल तर सुडो-आरएस पासवर्ड बरोबर विचारायचं, पण वेळेच्या शिक्क्यावर नंबर चुकीचा टाकायचं. ज्याचा पासवर्ड दिला त्याचा नाही, तर देणाऱ्याचा. त्यामुळे एका खात्याचा पासवर्ड देऊन पुढच्या काही मिनिटांत दुसऱ्या खात्याच्या नावाने काम करता यायचं, त्या खात्याचा पासवर्ड न देता. ही सेटिंग सहसा बंद असते आणि ०.२.१० मध्ये दुरुस्तीही आली. पण भाषा बदलली, लिहिणारे बदलले, बारा वर्षं गेली आणि चूक पुन्हा शिक्क्यापाशीच. कारण पुन्हा पासवर्ड विचारायचा कंटाळा तोच आहे, आणि 'मी कुणाला काय वचन दिलं होतं' हे लक्षात ठेवायची अडचणही तीच आहे. ती रस्टला कळत नाही, कंपायलरला कळत नाही. ती माणसालाच नीट मांडावी लागते.

सत्तरच्या दशकात बेल लॅब्समध्ये ० म्हणजे रूट ठरलं, पुढे कधीतरी -१ म्हणजे 'राहू दे' ठरलं, रिकामा रकाना शून्याने भरायची पद्धत पडली. प्रत्येक निर्णय त्या त्या ठिकाणी शहाणपणाचा होता. मेमरी थोडी, मशीन खोलीएवढं, वापरणारे एकमेकांना ओळखणारे. पण तिन्ही एकत्र आले आणि 'कुणीच नाही' आणि 'मालक' यांचा चेहरा सारखा झाला. आता रूटचा नंबर बदलणं कुणालाही शक्य नाही. तो आपल्या नातवंडांच्या सर्व्हरवरही शून्यच असणार.

आपण सुडो लिहीत नाही, पण लॉगिनची एपीआय, परवानग्यांचे तक्ते, 'हा अ‍ॅडमिन आहे का' असे फंक्शन आपल्यातले बरेच जण लिहितात. तिथे टाईमआउट झाला, टोकन कोरं आलं, यूजर मधेच डिलीट झाला, की आपलं फंक्शन काय परत करतं? पासवर्ड चुकल्यावर काय होतं याची टेस्ट सगळे लिहितात. उत्तरच न आल्यावर काय होतं याची लिहिलेली मी फार कमी ठिकाणी बघितली आहे.

तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की दोन कामं करा. सुडोची आवृत्ती बघा. मूळ सुडोच्या हिशेबाने १.९.१७पी१ किंवा पुढची हवी, आणि डिस्ट्रोने जुन्या आवृत्तीतच पॅच दिला असेल तर पॅकेजच्या नोंदीत ते दिसेल. मग सुडोअर्स फाईलमध्ये उद्गारचिन्ह असलेल्या ओळी शोधा. 'सगळं, फक्त हे सोडून' असं म्हणणारी एखादी सापडली, तर ती कुणी आणि का लिहिली हे विचारा. बहुधा लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला असेल. ओळ मात्र अजून त्याच्या वतीने हो म्हणत असेल.